सरुबाईंचा अंगठा

निवृत्त शिक्षिकेला गावात कोणी मोकळं बसू देत नाही. लोणावळ्याच्या मंगल कार्यालयात खाद्यपदार्थांच्या यंत्रांचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरणार होतं आणि मदत कराल का, असं विचारल्यावर मी हो म्हणून बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गळ्यात ‘स्वयंसेवक’ अशी पट्टी अडकली आणि दारावरचं हजेरीचं यंत्र माझ्या गळ्यात पडलं. प्रत्येक स्वयंसेवकाने येताजाता त्याच्या काचेवर अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला की झालं. जन्मभर मी नाव पुकारून हजेरी घेतली. त्या डबीशी माझं पहिल्यापासूनच वाकडं होतं.

सरुबाई पहिल्याच सकाळी आल्या. बेगडेवाडीहून निघालेल्या, साठीला टेकलेल्या, निळ्या साडीची घडी मोडून आलेल्या. राजेश्वरीताईंच्या चिक्कीच्या कारखान्यात तीस वर्षं त्या गुळाचा पाक करत होत्या आणि चिक्की लाटत होत्या. प्रदर्शन चिक्कीवाल्यांनीच भरवलं होतं, म्हणून प्रत्येक कारखान्याने दोन माणसं मदतीला धाडायची होती. दुसरी होती चैताली, माझी जुनी विद्यार्थिनी. ती सहा महिन्यांपूर्वीच तिथे कामाला लागली होती.

चैतालीचा अंगठा लगेच लागला. सरुबाईंचा लागेना. डावा झाला, उजवा झाला, दहाही बोटं झाली, दिवा लालच. मी काच पुसली, डबीला दोन शब्द सुनावले. सरुबाईंनी शांतपणे तळहात माझ्यापुढे धरला.

“त्या डबीला वरडू नका, बाई. रेषाच न्हाईत.”

खरंच नव्हत्या. बोटांची टोकं घासल्या पाट्यासारखी गुळगुळीत होती. उकळता पाक शेंगदाण्यांसकट पाट्यावर ओतला की तो थिजायच्या आत ओल्या हातांनी दाबावा लागतो, मगच लाटणं फिरतं. दिवसाला तीस-चाळीस पाटे. रेशनच्या दुकानातही त्यांचा अंगठा लागत नाही, म्हणून धान्य आणायला मुलगा जातो, असं त्या सहज सांगून गेल्या. मी वहीत त्यांचं नाव हाताने लिहिलं. त्या वहीत एवढं एकच नाव होतं.

त्यांना चिक्कीच्या यंत्रापाशी उभं केलं होतं. लोकांना रांगेत लावायचं आणि नमुने वाटायचे. यंत्र दहा हात लांब. एका टोकाला गूळ आपोआप ढवळला जायचा, मग रूळ फिरायचे, पाती उतरायची आणि दुसऱ्या टोकाने चिक्कीच्या वड्या एका मापात सरकत यायच्या. तांत्रिक गोष्टींना नाकं मुरडणारी मीसुद्धा बघत राहिले, तर सरुबाईंचं काय झालं असेल! जेवणाच्या सुट्टीतही त्या हलल्या नाहीत. डबा उघडून तिथेच बसल्या आणि भाकरी हातातच राहिली.

“ती मशीन पाक बगत न्हाई, वास घेत न्हाई, थेंब पान्यात टाकून बगत न्हाई,” त्या मला म्हणाल्या. “तरी तिला कळतं. मला कळायला आठ वर्सं लागली.”

त्या आवाजात हेवा नव्हता. देवळात पहिल्यांदा आलेल्या माणसासारख्या त्या दबून बोलत होत्या.

खरी गोष्ट मला चैतालीने दुसऱ्या दिवशी चहा पिताना सांगितली. राजेश्वरीताई हे यंत्र घ्यायच्या विचारात होत्या, पण शेवटच्या दिवशी सरुबाईंना विचारून ठरवणार होत्या. त्या कारखान्याची रीतच तशी. पाक जमला की नाही, हे पाकवाली सांगणार. तिने मान हलवल्याशिवाय मालकीणसुद्धा कढई उतरवायला सांगत नाही. आणि कारखान्यातल्या सगळ्या बायकांनी मिळून सरुबाईंना गळ घातली होती की, यंत्राला नावं ठेवा. अकरा जणींची चूल त्या हाताच्या कामावर पेटत होती. हे सांगताना चैतालीने कप ओढणीत धरला होता, कारण तिच्या बोटांवर फोड होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी राजेश्वरीताई आल्या. दारावर कोणी येतजात नव्हतं, म्हणून मीही आत गेले; खोटं कशाला सांगू, मुद्दाम गेले. सरुबाईंनी एक वडी उचलली, कानाजवळ नेली आणि मोडली. कट्ट. मग दुसरी, मग तिसरी. चांगली चिक्की मोडताना बोलते, असं त्यांचं म्हणणं. चैताली त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“चिक्की चांगली हाय, ताई,” सरुबाई म्हणाल्या. “माज्यापरीस एकसारखी. घ्या मशीन.”

चैतालीने खाली पाहिलं. मला त्या बाईचा रागच आला. अकरा जणींनी विश्वास टाकला आणि हिने असा केसाने गळा कापावा?

पण सरुबाईंचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांनी चैतालीचा हात धरून ताईंपुढे उघडा केला, फोडांसकट.

“पन चालवायला आमच्याच पोरी ठेवा. एकीला बी काडू नका. आन् या पोरीला आजपासून पाट्यावर बसवू नका. हिच्या रेषा आजून हायेत.”

राजेश्वरीताईंनी तो हात जवळ घेऊन पाहिला. बाकीच्या बायका तुम्हाला काय म्हणतील, असं त्यांनी हळूच विचारलं. चार दिवस शिव्या घालतील, सरुबाई म्हणाल्या, आणि पाचव्या दिवशी पगार झाला की गप बसतील. तुम्ही काय करणार, यावर त्यांचं उत्तर तयार होतं, शेंगदाणे निवडीन. मग ताई यंत्रवाल्याकडे वळल्या. एकीलाही काढणार नाही, आमच्या बायकाच हे शिकून घेतील, त्यांना शिकवण्याचं तेवढं बघा, म्हणाल्या, आणि पहिलं नाव चैतालीचं लिहायला लावलं. माझा राग कुठल्या कुठे गेला. तीस वर्षं वर्गात उभी राहून मी जे शिकवू शकले नाही, ते या बाईने एका वाक्यात शिकवलं, एवढंच मला कळत होतं.

संध्याकाळी दोघी निघाल्या. मी वही काढून सरुबाईंची वेळ लिहिली. चैतालीने काचेवर अंगठा ठेवला. हिरवा दिवा लागला आणि डबी ‘धन्यवाद’ म्हणाली.

गाडीची वेळ झाली होती, पण सरुबाई त्या हिरव्या दिव्याकडे बघत दारातच थांबल्या.

“परत लाव गं,” त्या म्हणाल्या.

तिने परत लावला.