दर्भ समजून

अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावच्या मराठी मंडळींत हेमचंद्रकाकांना सगळं येतं, असा बोलबाला होता. निवृत्त इंजिनिअर माणूस. गराजच्या दारापासून सत्यनारायणापर्यंत काहीही सांगा. कुणाला काही विचारणं मात्र त्यांच्या स्वभावात नव्हतं.

शुभाकाकूंनी सहा वर्षांपूर्वी मागच्या अंगणात लाँगलीफ पाइनचं रोप लावलं. एके काळी इथं या झाडांची जंगलंच्या जंगलं होती. लाकडापायी आणि राळेपायी लोकांनी ती संपवली. हे झाड पहिली काही वर्षं उंच होतच नाही. जमिनीलगत लांब हिरव्या पात्यांचा झुबका, एवढंच. काकू रोज चहा घेऊन त्याच्यापाशी बसत. "येत्या वसंतात उठेल बघा," म्हणत. आयपॅडवरची नजर न काढता काका हुंकार देत.

या पितृपक्षात काकू बहिणीच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेल्या आणि इकडे काकांच्या आईचं श्राद्ध आलं. इंडियन स्टोअरमधला दर्भ संपलेला. झूमवर गुरुजी खोळंबलेले. काकांनी कात्री उचलली आणि अंगणातलं ते लांबसडक गवत पार बुडापासून कापून आणलं.

"काका, दर्भ छान मिळाला की," गुरुजी म्हणाले.

पवित्रक वळताना बोटं चिकट झाली, राळेचा वास आला. गवताला राळ कुठली? पण अर्ध्या श्राद्धातून उठायचं कसं? त्यांनी विधी पुरा केला. मग जुडी चाळली, तर आत बोटाएवढा जाड, पांढरा कोंब निघाला.

"माझ्या झाडाला पाणी घालताय ना?" काकू फोनवर विचारत.

"घालतोय," काका सांगत. ते खरंच घालत होते, रोज, त्या खुंटाला. खुंट फुटला नाही.

काकू परतल्या त्या बॅगा दारातच ठेवून अंगणात गेल्या. काका मागोमाग.

"दर्भ वाटला गं मला. चुकलंच माझं. आपण दुसरं लावू."

काकूंनी वाकून खुंटावरून बोट फिरवलं. आवाज चढला असता तर काकांना बरं वाटलं असतं.

"लावा," त्या म्हणाल्या. "मला इतके दिवस वाटत होतं, आपण दोघं मिळून त्याची वाट बघतोय."