झिजलेल्या जागेवरचे सोने

उकळत्या चिंचेचा आंबट वास, त्याखाली तापलेल्या लोखंडाचा तुरट वास आणि या दोहोंवर तिळाच्या तेलाची मंद साय. तारवाल्या चाचांची आठवण मला आधी वासातूनच येते. उदगीरच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या गल्लीत त्यांचे एका खोलीचे दुकान होते. जुन्या बंदुकांवरची सोन्याची नक्षी उडाली की ती पुन्हा जडवून देणारे आमच्या भागातले ते शेवटचे कारागीर. केसासारखी बारीक सोन्याची तार लोखंडात बसवीत, म्हणून तारवाले. बंदूक चालवणे मात्र त्यांना कधी जमले नाही. लग्नाच्या वरातीत फटाका उडाला तरी ते दोन्ही कानांवर हात ठेवीत.

लातूर नुकता वेगळा जिल्हा झाला होता आणि पावसाळे लागोपाठ कोरडे जात होते. नव्या कचेरीत दुकानाचे, परवान्याचे अर्ज मराठीतून लागत. चाचांची लेखणी उर्दूतच चाले. माझे वडील शाळेत शिक्षक. त्यांनी हे अर्जांचे काम माझ्याकडे दिले. मी कॉलेजात होते, कवितांच्या नादात होते. अर्ज लिहून झाला तरी माझा पाय तिथून निघत नसे.

ते आधी लोखंडावर बारीक टाकीने उभेआडवे ओरखडे काढीत. दुष्काळातल्या जमिनीच्या भेगांसारखी ती जाळी मला पाहवत नसे. "आधी जखम करावी लागते, बेटा," ते म्हणत. "गुळगुळीत अंगावर सोनं थांबत न्हाई." मग त्या जखमांवर तार ठेवून लहानग्या हातोडीने ठोकीत. पाखराने दाणे टिपावेत तसा तो आवाज. शेवटी अकीक दगडाच्या गुळगुळीत गोट्याने घासत, आणि काळ्या लोखंडातून पिवळा उजेड हळूहळू वर येई.

लोखंडाचा गंज काढायचे चिंचेचे पाणी ते महिनाभर पुरवून वापरीत. तरी टँकरच्या रांगेतल्या बायका त्यांना सोडत नसत. "चाचा, मान्सं तहानली अन् तुमी बंदुकीला न्हाऊ घालून राहिले?" एकीने विचारले. चाचा मान वर न करता म्हणाले, "बंदूक तुझ्यावानी भांडत न्हाई, गंगूबाई. येका वाटीत गप बसते." रांग हसली. त्या उन्हाळ्यात हसू ऐकल्याचे मला तेवढेच आठवते.

त्यांच्या घराण्याचा एक रिवाज होता. सोने उडालेल्या जागेसह कुठलेही हत्यार दुकानाबाहेर जाऊ द्यायचे नाही. गिऱ्हाईक म्हणाले, राहू द्या, इतके चालेल, तरी ते ऐकत नसत. "लेकीला फाटक्या लुगड्यात सासरी धाडतं का कुणी?"

त्यांच्या आजोबांनी मढवलेली एक तोड्याची बंदूक, म्हणजे जळत्या वातीने पेटणारी, त्यांच्याच भिंतीवर होती. नळीच्या तोंडापासून दस्त्यापर्यंत सोन्याची वेल चढत गेलेली. मध्ये चार बोटांची जागा मात्र बोडकी. दर शुक्रवारी आजोबांनी, मग वडिलांनी, मग चाचांनी तिथेच धरून ती पुसली होती. तीन पिढ्यांच्या अंगठ्यांनी सोने पुसून नेले होते. बंदूक घर सोडून जाणार नव्हती, म्हणून ती जागा कुणी भरली नव्हती.

परवान्यांची फेरनोंद सुरू झाली आणि चाचांच्या बंदुकीचा निजामाच्या काळचा परवाना काही सापडेना. मी तीन अर्ज लिहिले. उत्तर आले: परवाना असलेल्या संग्राहकाच्या नावे करा, नाहीतर महिनाअखेर पोलीस ठाण्यात जमा करा. ठाण्याची कोठी चाचांनी पाहिली होती. "पऱ्हाट्यांवानी ढीग लावतेत, बेटा. नळीला भोकं पाडतेत. मला पैसा नगं. ही कुण्या भिंतीवर राह्यली पायजे, बस."

हैदराबादचे एक संग्राहक आले. पांढरे केस, पांढरे हातमोजे. त्यांनी बंदूक एकदाही खांद्याला लावली नाही; भिंगातून वेलीचे पान न् पान वाचले. मग मोजा काढून त्यांनी अंगठा त्या झिजलेल्या जागेवर ठेवला. तो पुन्हा पुन्हा तिथेच जात होता आणि चाचा त्या अंगठ्याकडेच पाहत होते. चाचांशी ते दखनीत बोलत होते, सोबतच्या माणसाला मात्र इंग्रजीत म्हणाले, "सोन्याची वेल आणखीही कुठे मिळेल. ही हातांनी झिजलेली जागा दुसरीकडे मिळणार नाही." मला ते कळले. कागद घेऊन पंधरा दिवसांनी येतो, असे सांगून ते गेले. मोठ्यांच्या व्यवहारात आपण का बोलावे, म्हणून मी गप्प राहिले.

दहाव्या दिवशी गेले तेव्हा दारातच हातोडीचा आवाज आला. बंदूक चाचांच्या मांडीवर होती. त्या बोडक्या जागेवर ओरखड्यांची जाळी काढून झाली होती, पहिली दोन पाने बसली होती. अधू होत चाललेल्या डोळ्यांतून पाणी गळत असतानाही हातोडी नेमकी तारेवरच पडत होती. मी तेव्हा तरी बोलायला हवे होते. पण ती पाने इतकी जिवंत होती की माझे ओठ उघडले नाहीत.

संग्राहक आले. त्यांनी बंदूक उचलली, अंगठा तिथे नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "काम लाजवाब आहे, उस्ताद," ते हळू आवाजात म्हणाले, "पण आता ही ती राहिली नाही." त्यांनी ती दोन्ही हातांनी परत चाचांच्या मांडीवर ठेवली आणि आणलेले कागद घडी घालून खिशात टाकले.

महिनाअखेरीस चाचांनी स्वतःच ती ठाण्यात नेली, धुतलेल्या धोतराच्या कापडात गुंडाळून. पावती मीच वाचून दाखवली: "जुनी बंदूक, एक नग." नळीला भोक पाडल्याचे पुढच्या आठवड्यात कळले. त्यानंतर दुकानातून ठोकण्याचा आवाज आला नाही. विहिरी आटल्या, चाचांचे डोळेही गेले, आणि पुतण्याने त्यांना निजामाबादेला बोलावून घेतले.

स्टँडवर धुळीने माखलेली एसटी उभी होती. त्यांची पेटी मी वर चढवली, शेजारी बसले आणि इतके दिवस मनात ठेवलेले बोलून टाकले. "चाचा, त्यांना ती झिजलेली जागाच हवी होती. तुम्ही ती भरायला नको होती. कुणीतरी तुम्हांला सांगायला हवे होते."

त्यांनी चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला. खिडकीबाहेर, जिथे त्यांना आता काही दिसत नव्हते, तिकडे तोंड करून ते म्हणाले,

"तवाच मालूम व्हतं."