आक्कांचा आड आणि पिवळ्या नळ्या

सत्तरच्या दशकात मी शिरूरला पाणी तपासायच्या एका लहानशा सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होतो. प्रयोगशाळा म्हणजे काय, तर दोन खोल्या, एक उबवणपेटी आणि मी. साहेब अधूनमधून पुण्याहून यायचे, सह्या करायचे, चहा प्यायचे आणि जायचे. बाकीचे दिवस मी नळ्यांशी बोलायचो. हसू नका, खरंच बोलायचो. माणूस एकटा पडला की कशाशीही बोलतो.

नळ्यांत ब्रॉथ असायचा, म्हणजे जंतूंचं जेवण. पेप्टोन, दुधातली साखर, जनावराच्या पित्तापासून केलेलं मीठ आणि एक जांभळा रंग पाण्यात विरघळवायचा, नळ्यांत भरायचा, प्रत्येकीत एक बारीक नळी उपडी सोडायची आणि सगळं मोठ्या कुकरात वाफवायचं. त्या मिठाचा वास हाताला असा चिकटायचा की रात्री घास कडू लागायचा. मग विहिरीचं पाणी त्यात घालून उबेला ठेवायचं. जांभळं जांभळंच राहिलं तर ठीक. पिवळं पडलं आणि उपड्या नळीत बुडबुडा अडकला, तर पाण्यात कुणाची तरी घाण उतरल्याचा संशय. अहवालात आम्ही हे सभ्य शब्दांत लिहायचो, एवढंच.

माझं घर दौंडला, बौद्ध वस्तीत. शिरूरला खोली शोधताना नाकी नऊ आले. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. मीही तिरसट, एकदोघांना तोंडावर बोललो. शेवटी एका विधवा म्हातारीनं खोली दिली. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणायची, मीही म्हणू लागलो.

त्यांच्या परसात आड होता. पहिल्याच दिवशी त्यांनी पोहरा माझ्या हातात दिला. शेजारणी भिंतीवरून बघत होत्या. आक्का त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आड माझ्या मालकानं खनलाय. कुनी शेंदायचं ते मी ठरवीन!" पाणी शेंदताना मला रडू आलं. तेव्हापासून संध्याकाळी आक्का ओट्यावर बसायच्या आणि मी पायरीवर. दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस तेवढं एकच.

त्या पावसाळ्यात आक्कांचं पोट बिघडलं ते काही केल्या थांबेना. डॉक्टरांचं औषध चालू होतं, तरी म्हातारी काडी होत चालली. मला राहवेना. मी बाटली उकळून आडाचं पाणी भरलं आणि प्रयोगशाळेत लावलं. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तर सगळ्या नळ्या पिवळ्या. पोटातले जंतूच तेवढे तग धरतात अशा जास्त उष्णतेवर पुन्हा लावून बघितलं, तिथंही बुडबुडे. कारण शोधायला लांब जायला नको होतं. भिंतीपलीकडच्यांनी नुकताच संडासाचा खड्डा खणला होता, आडापासून हाताच्या अंतरावर म्हणा ना.

आता आली का पंचाईत! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगावं, तर गल्ली म्हणणार, ह्यानं शेंदलं म्हणून आड बाटला. न सांगावं, तर आक्का तेच पाणी पिणार. आणि उभ्या शिरूरमध्ये मला आपलं म्हणावं असं ते एकच दार होतं. भीती वाटत होती मला, खोटं कशाला बोलू.

तरी संध्याकाळी सांगितलं. "आक्का, पाणी उकळून प्या. शेजारच्या संडासाचं आडात झिरपतंय. मी तपासलंय."

"कसलं झिरपतंय?"

"पोटातले जंतू. सगळ्यांच्याच पोटात असतात. तुमच्या, माझ्या, साहेबाच्यासुद्धा."

आक्का पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, "उकळून पीन. तू शिकलेला हायेस, तुजं खरं आसंल." आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "तुला बोल न्हाई लावत लेकरा. पन तू यायच्या आदी ह्या आडाला कवा काय झालं न्हवतं, बघ."

"संडाससुद्धा माझ्यामागूनच झालाय, आक्का."

"व्हय, व्हय. त्ये बी हाय," म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. मला त्यांचा रागही धड करता येईना, त्याचाच जास्त राग आला.

सकाळी आडावर पोहरा नव्हता. आक्कांनी चूल पेटवून पाणी खळखळ उकळलं होतं, फडक्यानं गाळून निववलं होतं, मी सांगितलं तस्संच. "तुजं भांडं आन," म्हणाल्या. मी तांब्या पुढं केला. त्यांनी हात उंच धरला आणि भांड्याला भांडं लागू न देता धार सोडली.

"पोटभर पी रं," म्हणाल्या.

त्या पाण्यानं आक्का बऱ्या झाल्या. मी शिरूर सोडेपर्यंत त्याच मला पाणी देत राहिल्या, रोज न चुकता, तसंच वरून.