दोन बोटं ढील

नूरचाचांनी विणलेली बाज ओळखायची खूण शहागंजात सगळ्यांना ठाऊक होती. माणूस झोपून उठला की त्याच्या पाठीवर नवारीच्या चौकड्या उमटलेल्या असायच्या. लोक कुरकुरायचे, आणि पुढच्या वेळी बाज डोक्यावर घेऊन परत त्यांच्याच दुकानी यायचे. कारण चाचांची बाज वर्षानुवर्षं झोळ धरत नसे. विणून झाली की ते तिच्यावर लोटाभर पाणी शिंपडायचे आणि तिला उन्हात उभी करायचे. कोरी सुती नवार आक्रसून अशी ताठ व्हायची की वर हात मारला तर ढोलकी वाजावी. ढिली बाज म्हणजे त्यांच्या लेखी अब्रूचा प्रश्न. माणूस ढिला असला तरी ते चालवून घेत, बाज नाही.

पुढं घरोघरी प्लायवूडचे दिवाण आले, त्यांच्यावर फुगीर गाद्या आल्या, आणि चाचांच्या दुकानात मोबाईलची कव्हरं टांगली गेली. आता एकाहत्तराव्या वर्षी ते घरीच असायचे. घरात दोन बाजा होत्या. बाजेची वीण पायथ्यापर्यंत जात नाही. तिथं वीतभर जागा सोडून दोरी ओवलेली असते, आणि बाज सैल पडली की ती दोरी ओढायची, एवढंच काम. चाचा दर शुक्रवारी नमाजहून आले की आपल्या बाजेची दोरी ओढून बांधायचे. दुसरी बाज शहजादीची, त्यांच्या बायकोची. ती जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्या बाजेच्या दोरीला चाचांनी तेव्हापासून हात लावला नव्हता. बाज मध्यभागी चांगली खोल गेली होती. आल्यागेल्यानं विचारलं तर चाचा विषय बदलायचे.

एका सकाळी राजेंद्र आला. राजेंद्र पाणबुड्या होता. ज्या शहरापासून समुद्र एवढा लांब, तिथं पाणबुड्या कशाला, असं विचारणाऱ्यानं मराठवाड्यातल्या विहिरी पाहिलेल्या नसतात. मोटारी पडतात, पाइप निसटतात, बादल्यांची तर गणतीच नाही. आधी राजेंद्र दम धरूनच बुडी मारायचा. मग मालवणला महिनाभर राहून शिकून आला आणि येताना कुणाचा तरी जुना हवेचा सिलिंडर घेऊन आला. आता त्याचा खांदा धरला होता, आणि खाली उतरायचं काम त्याच्या लेकीनं, मेघानं हाती घेतलं होतं. घोटाळा असा की सिलिंडर एक आणि अंगं दोन. राजेंद्रचं पोट पुढं, मेघा अंगानं काडी. बापाच्या मापाचा पट्टा तिच्या अंगावर डगल्यासारखा व्हायचा, सिलिंडर पाठीवर लोळायचा आणि वर येताना डोक्यात आपटायचा.

"जय भीम, चाचा."

"जय भीम. ये, बस. कुणाची बाज हाय?"

"बाज नाय. पोरगी बांधायची हाय," राजेंद्र म्हणाला, आणि त्यानं सगळं सांगितलं. "एकच पट्टा पायजे. माझ्याबी अंगाला बसावा, तिच्याबी. आईची बाज तुमी विणली होती, तिला कधी झोळ नाय पडला. म्हणलं, हे काम चाचांचंच."

एवढं ऐकल्यावर कोणता कारागीर नाही म्हणेल? चाचांनी बाजेखालची ट्रंक ओढली. तळाशी नवारीचा शेवटचा गुंडा होता, लाल काठाचा, हातमागाचा, एकदाही पाणी न लागलेला. शहजादीसाठी नवी बाज विणायची म्हणून ठेवलेला, आणि ते राहूनच गेलं होतं. चाचांनी तो हुंगला आणि कामाला लागले. पाठीला राजेंद्रनं दिलेली ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यातून निघणारे दोन पट्टे खांद्यांवर, एक छातीशी, एक कमरेशी, आणि सरकवायला लोखंडी बकलं. चार दिवस सुई-दाभण चाललं. बोटं सोलवटली, आणि चाचांना त्याचं बरंच वाटलं.

मेघाच्या अंगावर पट्टा चढवला तेव्हा सिलिंडर पाठीला चिकटून बसला. चाचांनी बकल खेचलं, मग अजून एक खेच दिली. सवयच ती.

"हल," ते म्हणाले. मेघा उड्या मारून दाखवायला लागली. सिलिंडर जागचा हलला नाही.

शहराबाहेर शेंद्रा गावाच्या पुढं राजेंद्रच्या मेहुण्याचं शेत होतं, तिथल्या विहिरीत आधी करून बघायचं ठरलं. चाचांना विहिरीच्या काठावर खुर्ची दिली. राजेंद्र खालच्या पायरीवर गळ्याइतक्या पाण्यात उभा राहिला, मेघाच्या कमरेची दोरी त्याच्या हातात. दहा मिनिटं खाली राहायचं, असं बोलणं झालं होतं. चारच मिनिटांत दोरीला हिसके बसले. मेघा वर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते, आणि ती दोन्ही हातांनी छातीवरचं बकल ओढत होती. बकल हलत नव्हतं. नवार पाणी पिऊन फुगली होती, बकलात रुतली होती, आणि वरून आक्रसत चालली होती. राजेंद्रनं कमरेची सुरी काढून पट्टा कापला.

कोरी नवार पाण्यानं आवळते हे पन्नास वर्षं ज्या माणसानं मुद्दाम पाणी मारून बघितलं, तोच हे विसरला होता. काय चुकलं हे कळायला चाचांना विचारही करावा लागला नाही. ते खुर्चीतून उठले.

"माझी चूक हाय," ते म्हणाले. "मला ठाऊक होतं हे. सगळ्यांपेक्षा मलाच ठाऊक होतं."

"व्हतं चाचा असं," राजेंद्र म्हणाला आणि मेघाच्या अंगावरून कापलेला पट्टा सोडवायला लागला.

मेघा पायरीवर बसून छाती चोळत राहिली. मग म्हणाली, "आधी लई छान बसलं होतं, चाचा. मग असं वाटलं, कुणीतरी हळूहळू ओढत चाललंय. सांगावं तर तोंडात नळी."

घरी येईपर्यंत चाचांच्या डोक्यात तेच घोळत होतं. तोंडात नळी होती म्हणून मेघाला सांगता आलं नाही. शहजादी तर सांगत होती. शेवटच्या वर्षी तिला दम्यानं धरलं, अंगावर हाडंच राहिली. ती म्हणायची, "अजी, बाज जरा ढिल्ली करो ना. ह्या बाजेवर दमसुद्धा ताणूनच घ्यावा लागतो." चाचांना वाटायचं, आजारी माणूस काहीही बोलतं. ढिल्या बाजेवर पाठ जाईल, मग अजून हाल. आणि ते शुक्रवारी येऊन दोरी ओढायचे, प्रेमानंच ओढायचे, हेच वाईट. अगदी शेवटच्या आठवड्यात त्यांनी पायथ्याची गाठ सोडून दोन बोटं ढील दिली. त्या दुपारी शहजादी कितीतरी दिवसांनी गाढ झोपली. आठ महिने ती एवढंच मागत होती.

तीन दिवस चाचांनी कशाला हात लावला नाही. राजेंद्र आला तर म्हणाले, दुसरा कुणी बघ. राजेंद्रनं ऐकलं नाही.

"दुसरा कोण हाय? आता चुकीचं तुमालाच कळलं ना, मग बरोबरबी तुमालाच कळंल," तो म्हणाला, आणि भंगारातून आणलेले मोटारीचे सीटबेल्ट पुढ्यात ठेवून गेला. हे पट्टे पाण्यात ना आवळतात, ना सैल पडतात.

पट्ट्याचा प्रश्न सुटला होता, पण तो सैल-घट्ट कसा करायचा, तेही पाण्याखाली, एका हातानं? चाचा शहजादीच्या बाजेसमोर जमिनीवर बसून राहिले. बघता बघता त्यांची नजर पायथ्याशी गेली. बाज ढिली करायची म्हणून कुणी वीण उसवत नाही. सगळी ढील पायथ्याला असते, दोरीशी. त्यांनी तसंच केलं. बेल्ट मध्ये कुठंही तोडला नाही. कमरेपासून खांद्यावर, खांद्यावरून पाठीच्या पट्टीत, तिथून दुसऱ्या खांद्यावर आणि परत कमरेला. बकलं काढून टाकली आणि कमरेशी फक्त दोन कड्या ठेवल्या. कड्यांतून निघालेलं बेल्टचं शेपूट ओढलं की सगळा पट्टा एकदम आवळायचा. कडी बोटानं उचलली की एकदम सुटायचा. कडीला धरायला त्यांनी एक छोटा कापडी नाडा शिवला. तो शहजादीसाठी ठेवलेल्या, विहिरीवर कापलेल्या त्या नवारीच्या लाल काठाचा होता.

पुन्हा तीच विहीर, तीच खुर्ची. पण ह्या वेळी चाचा खुर्चीत बसले नाहीत. पायऱ्या धरत धरत खाली उतरले आणि मेघाच्या अंगावर पट्टा स्वतः चढवला. शेपूट ओढलं, तसा हात आपोआप अजून एक खेच द्यायला निघाला. तो त्यांनी आवरला आणि पट्ट्याखाली दोन बोटं घातली.

"दम घे, बेटा. पुरा घे."

मेघानं छाती भरून श्वास घेतला. चाचांनी कडी उचलून थोडं सोडलं. "अजून घे." तिनं घेतला. मगच ते बाजूला झाले.

ती वीस मिनिटं खाली होती. चाचा पाण्यावर येणारे बुडबुडे मोजत होते, चुकत होते, परत पहिल्यापासून मोजत होते. मेघा वर आली ती हसत, हातात गाळानं माखलेली कुणाची तरी पितळी बादली.

"कसं बसलं?" राजेंद्रनं विचारलं.

"चांगलं. खाली गेल्यावर मला जरा दाटल्यासारखं झालं, तर मीच ढिलं केलं. दोनच बोटं. मग झ्याक." तिनं लाल नाडा चिमटीत धरून दाखवला. "वर येताना परत ओढलं. चाचा, हे लई भारी केलं तुमी."

चाचांनी मान हलवली. मग ते बादलीच धुवत बसले.

त्या शुक्रवारी नमाजहून आल्यावर त्यांनी आपल्या बाजेची दोरी ओढली नाही. ते शहजादीच्या बाजेवर जाऊन आडवे झाले, दोन वर्षांत पहिल्यांदा. नवारीनं त्यांना पोटाशी घेतलं. पाठीला कुठं काही रुतत नव्हतं, आणि श्वास आपोआप येत-जात होता. बाज खरंच चांगली लागत होती. तू बरोबर होतीस, एवढं तिला सांगायला हवं होतं, असं वाटून चाचा रडले आणि रडता रडताच त्यांना झोप लागली.