डोलीतली सायकल

सांगलीच्या माणसाला चढ म्हणजे काय ते कळत नाही. आमच्याकडे कृष्णेच्या पुलाशी थोडा उंचवटा आला की सायकलवाले उतरतात आणि घरी जाऊन सांगतात. मीही त्यातलीच. लग्न होऊन महाडला आले, पोलादपूरच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, आणि 'आपली सायकल आहे की' म्हणत मी माहेरची लेडीज सायकल एस.टी.च्या टपावर टाकून आणली. महाडच्या स्टँडवर ती उतरवून घेणारा हमाल तेव्हाच म्हणाला होता, "बाय, ही हितं चालवायची नाय, ढकलायची हाय."

त्याचं बरंचसं खरं झालं. चढ ढकलत आणि उतार ब्रेक आवळत मी रोज कामावर जात असे. संध्याकाळी पाय बोलायला लागले की सायकल टपावर आणि मी आत. लोक हसायचे. नवऱ्याच्या कचेरीतल्या एका कारकुनाने तर विचारलं होतं, "वहिनी, सायकल तुम्हाला नेते की तुम्ही सायकलला?" मी म्हटलं, "आम्ही एकमेकींना नेतो."

एऱ्हवी कामावर जाण्याचं काय प्रवासवर्णन लिहायचं! पण एका वर्षी दिवाळी नुकतीच सरलेली असताना माझी ही कामाची वाट कुडपणपर्यंत गेली. त्या दिवसाबद्दल सांगलीकडच्या माझ्या माणसांना सांगायचं राहून गेलं होतं.

पहाटे घरातून निघाले तेव्हा गल्लीत बंबांचा धूर होता. चवदार तळ्याला वळसा घालताना क्षणभर पायडल थांबवायचं, हा माझा रोजचा नेम. माझ्या आजीने हे तळं कधी पाहिलं नाही, पण त्याचं नाव ती देवघरातल्यासारखं हळू आवाजात घ्यायची. मी मात्र त्याच्या काठाने घंटी वाजवत कामावर जाते, याचं मला रोज नव्याने नवल वाटतं. गाव मागे पडलं की सावित्री सोबतीला येते. त्या वेळी नदीवर धुकं इतकं दाट होतं की पाणी दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता. दोन्ही बाजूंना भात झोडून झालेली खाचरं, पेंढ्याच्या उडव्या, आणि समोर सह्याद्री. रोज बघूनही तो डोळ्यांत मावत नाही. धुकं फाटलं की आधी शेंडे दिसतात, अधांतरी, आणि मग खालून एकेक घडी उलगडत डोंगर जमिनीला टेकतो. मी भर हमरस्त्यात सायकल थांबवून उभी राहिले. मागून ट्रकवाल्याने हॉर्न दिला तेव्हा भानावर आले.

दवाखान्यात डॉक्टर वाट बघत होते. कुडपणच्या खालच्या एका वाडीत डांग्या खोकला शिरला होता. कुडपण डोंगराच्या माथ्यावर, रस्ता नाही. तिथल्या लहान लेकरांना खोकला गाठायच्या आत त्रिगुणी लस टोचायची होती. लस होती तेवढी होती, पुढची कधी येईल याचा भरवसा नव्हता. फ्रिजमधला बर्फ आणि लसीच्या बाटल्या थर्मासमध्ये भरताना डॉक्टर म्हणाले, "बर्फ आहे तोवर लस आहे. वितळला आणि आतलं गरम झालं, की ओतून द्यायची आणि परत यायचं."

थर्मास मी पोत्यात गुंडाळला आणि कॅरिअरवर जुन्या ट्यूबने इतका आवळला की माझ्या बोटांना वळ उठले. महाबळेश्वरच्या रस्त्याला लागले. मग फाटा, मग धुळीची गाडीवाट. दर थोड्या वेळाने थांबून मी सायकल हलवायची आणि कान द्यायची. आत बर्फ खडखड वाजला की पुढे निघायची.

डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. सायकल तिथे ठेवायची, थर्मास खांद्याला लावायचा आणि पायी चढायचं, असा माझा बेत. ऊन चांगलंच तापलं होतं. गणूबाबा नावाचे एक म्हातारे पडवीत बसले होते. त्यांच्या सुनेने पाण्याचा तांब्या दिला, वर "भाकरी खाऊन जा गो बाय" म्हणून आत बोलावलं. सायकल भिंतीला लावताना मी त्यांना बजावलं, "बाबा, याला कुणाला हात लावू देऊ नका. काही सोडायचं नाही, काही हलवायचं नाही. यात लेकरांचं औषध आहे. गार आहे तोवर जिवंत आहे."

"जित्तं हाय?" गणूबाबांनी पोत्याला कान लावला. मी सायकल हलवली. खडखड ऐकून त्यांचे डोळे मोठे झाले. "हाय, हाय. जित्तं हाय."

नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खाऊन बाहेर येते तो काय! अंगणात चार बाप्ये जमले होते. मध्ये डोली होती (आजारी माणसाला डोंगर उतरवायला बांबूला बांधतात तो झोळा), आणि डोलीत माझी सायकल. चाकांखाली पेंढा घातलेला, हँडल दोरीने बांबूला बांधलेलं, थर्मास कॅरिअरवर जसाच्या तसा, वरून ओलं फडकं.

"अहो, हे काय!" मी ओरडलेच. "सायकल कशाला? नुसता थर्मास न्यायचा!"

"तुमीच बोलल्यात ना, काय सोडायचं नाय म्हनून," गणूबाबा शांतपणे म्हणाले. "आमी कायबी सोडलं नाय."

हसावं की रडावं कळेना. गाठी सोडून पुन्हा बांधायच्या तर वेळ जाणार होता, आणि ऊन काही थांबणार नव्हतं. चौघांनी बांबू खांद्यावर घेतला आणि ते चालायलाही लागले. आलिया भोगासी असावे सादर! मी मागून निघाले.

इथे मला एक रीत समजली. या डोंगरात डोली एका वाडीची माणसं आपल्या शिवेपर्यंत (हद्दीपर्यंत) नेतात. शिवेवर एखादा शेंदूर लावलेला दगड असतो. तिथे पुढच्या वाडीची माणसं उभी असतात, ती खांदा देतात. डोली जमिनीला टेकवायची नाही, खांद्यावरून खांद्यावर द्यायची. निरोप कसा जातो म्हणाल, तर हाकेने. खालून एकाने तोंडाशी हात नेऊन "होऽऽ" केलं. वरून कुठून तरी "होऽऽ" आलं. त्याच्याही वरून आणखी एक, अगदी बारीक. डोंगरच एकमेकांशी बोलतायत असं वाटलं.

पहिल्या शिवेवर माणसं होती. त्यांनी डोली बघितली आणि ती हसायला लागली. "आजारी कोन, सायकल?" पण हसता हसता खांदे पुढे झाले. कुणी नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, किती जड तेही विचारलं नाही. एकाने फक्त पोत्याला कान लावला. "वाजतंय रे," म्हणाला, आणि चढ सुरू झाला. तो चढ म्हणजे वाट नव्हती, कातळात पाय ठेवायला जागा होती एवढंच. एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला दरी. मला स्वतःचा तोल सांभाळवत नव्हता, आणि पुढे माझी सायकल पालखीतल्या देवासारखी सरळ उभी, हलत नाही की डुलत नाही. दरीत खाली घारी उडत होत्या. घारींच्या पाठी मी जन्मात पहिल्यांदा पाहिल्या.

वरच्या शिवेवर कुडपणची माणसं होती. त्यांच्यात पुढे एक तिशीतला गडी होता, लखू. बाकीचे हसले, तो हसला नाही. त्याने आधी पोत्यावरचं फडकं सारखं केलं आणि मग खांदा दिला. शेजारच्याने मला हळूच सांगितलं, "त्याचा पोरगा गेला वो, मागल्या साथीत, ह्याच खोकल्यानं. ह्याच दगडाशी त्यानं डोली खालच्यांच्या खांद्यावर दिली. सडकेपर्यंतबी पोचला नाय. आता पोरगी हाय, पाच म्हैन्याची."

लखूने ते ऐकलं असावं. मागे न बघता तो म्हणाला, "हितनं दिलंच हाय नेमी, बाय. डोली खाली जाते भरून, नि वर येते रिकामी. भरल्याली डोली वर घेतली ती आज पयल्यांदा."

मी पोत्याला कान लावला. खडखड नव्हती. एक बारीकसा टिकटिक आवाज होता. बर्फाचा शेवटचा तुकडा उरला होता.

चढ संपला आणि मी थबकले. कड्यावर येईपर्यंत मला वाटत होतं की माथा म्हणजे सुळका असणार. समोर होता सडा (डोंगरमाथ्यावरचं सपाट रान), वाळलेल्या गवताने सोनेरी झालेला, चारी बाजूंनी निळ्या डोंगरांनी वेढलेला, आणि वर नुसतं आभाळ. आभाळ एवढं जवळ असतं हे मला माहीत नव्हतं. या सपाटीच्या पार टोकाला घरं, चालत गेलं तर बराच वेळ लागला असता.

"घरं तिकडं?" मी विचारलं.

"तिकडं. बाया लेकरं घिऊन बसल्यात."

मी सायकलीकडे बघितलं, लखूने माझ्याकडे. मग त्याने स्वतःच दोऱ्या सोडल्या आणि सायकल उतरवली. गणूबाबांच्या चुकीला मनोमन हात जोडून मी सीटवर बसले आणि टाच मारली. चढ नाही, ब्रेक नाही, समोरून गार वारा. सांगली सोडल्यापासून मी अशी सायकल चालवली नव्हती. मागून गडी ओरडत धावत होते, गुरं शेपट्या वर करून बाजूला पळत होती, आणि मी मोठ्याने हसत होते की रडत होते, देव जाणे.

देवळाच्या ओट्यावर थर्मास उघडला. चिंचोक्याएवढा बर्फ शिल्लक होता, पाणी गार होतं, बाटल्या गार होत्या. लस जिवंत होती. माझ्या पिशवीतल्या स्टोव्हवर सुया उकळल्या आणि कामाला लागले. लखूची बायको सुंदरा सगळ्यांत मागे बसली होती. पाळी आल्यावर तिने पोर माझ्या मांडीवर दिली आणि तोंड फिरवलं. सुई टोचली, पोर किंचाळली. "रड, रड गो माजे बाय," सुंदरा म्हणाली आणि स्वतःच हुंदके द्यायला लागली.

मी सांगितलं, महिन्याने पुन्हा टोचायचं, आणि त्यानंतर आणखी एकदा.

उतरताना सायकल पुन्हा डोलीत. 'मी ढकलीन' म्हटलं तर कुणी ऐकून घेतलं नाही. शिवेच्या दगडाशी लखूने ती खालच्यांच्या खांद्यावर दिली आणि म्हणाला, "सांभाळून न्या रे. परत वर आनायची हाय."

पोलादपूरला पोचेपर्यंत सांज झाली. सायकल टपावर गेली, मी आत खिडकीशी बसले. सह्याद्री काळा पडत होता. रोज ज्याला बघून मी थांबते, त्याच्या माथ्यावर आज आपण सायकल चालवली, हे खरं वाटेना. त्याहून खरं वाटत नव्हतं ते त्या खांद्यांचं. इतकी वर्षं ते खांदे दुःखच खाली उतरवत होते आणि कुणी हाक मारली तर आजही चुकायचे नाहीत. घरी नवऱ्याने विचारलं, "पोचली का लस?" मी म्हटलं, "पोचवली." त्याला वाटलं मी माझंच सांगतेय.

महिन्याने गेले तेव्हा पायथ्याला डोली तयार होती. गणूबाबांनी कान लावला, खालून हाक गेली, वरून उत्तर आलं. वरच्या शिवेवर लखू उभा होता. शेंदराच्या दगडाशेजारी त्याने घोंगडी अंथरली होती आणि तिच्यावर पोर बसवली होती, पाठीला हाताचा आधार देऊन. खांद्यावरची सायकल जवळ आली तशी तिने घंटीकडे हात केला. लखूने खांदा द्यायच्या आधी तिला उचललं आणि तिचं बोट घंटीवर ठेवलं. तिला दाबता येईना. मग त्यानेच वाजवली.