दुकानांच्या रांगेकडे वळलेली जोडी

गावात माझ्याबद्दल एक समज आहे, की ही बाई कशालाच भीत नाही. कोणाच्या गोठ्यात साप निघाला की मला हाक मारतात. मारक्या गाईला इंजेक्शन द्यायचं असलं की शिंगं धरायला मलाच बोलावतात. मी जाते, धरते, काम झालं की घरी येते आणि न्हाणीचं दार लावून हात थरथरायचे थांबेपर्यंत आत बसते. तीन-चार वर्षांपूर्वीपर्यंत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. यांनाही नाही.

आमचं शेत केनवडच्या बाजूला. सोयाबीन, तूर, थोडा हरभरा. पण आमच्या घरातल्या माणसांचा जीव शेतापेक्षा पटात जास्त. पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. दोन चाकं आणि बसायला हातभर फळी एवढाच छकडा असतो. त्याला जोडी जुंपायची, झेंडी पडली की सोडायची आणि घड्याळ लावून वेळ मोजायची. आमच्याकडे एका वेळी एकच जोडी सोडतात. सगळा खेळ काही सेकंदांचा, पण त्यासाठी माणसं वर्षभर बैलांना स्वतःआधी खाऊ घालतात.

आमच्या गावापासून दोन कोसांवरचा पट इंग्रजांच्या काळापासून भरतो. माझे सासरे, मामाजी, तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. त्यांची आई त्या पटात फुटाणे विकायची. मामाजी सांगायचे, कापूस गाडीत भरून जिनिंगला पोचवला की रिकाम्या गाड्या परत येताना रस्त्यावरच धावायच्या. मग तिथल्या जमीनदारानं आपलं पडीक वावर सपाट करून दिलं आणि खेळ तिथं आला. खेळाच्या मागोमाग दुकानं आली. घुंगरं, पितळी साखळ्या, बैलांच्या झुली, दोरखंड, लुगडी, बांगड्या. एक माणूस भोंग्याचा बाजा घेऊन यायचा आणि पैसा घेऊन गाणं ऐकवायचा. वर्षभर राबलेली माणसं ते तीन दिवस खायची, पाहायची, हसायची. बाया मात्र धावपट्टीपासून लांब, दुकानांच्या मागे बसायच्या.

हे सगळं सांगून झालं की मामाजी त्या जोडीवर यायचे. एका वर्षी एक जोडी पट्टी सोडून थेट दुकानांत शिरली. कासाराच्या बांगड्यांचा चुरा झाला आणि त्याची बायको छकड्याखाली आली. “चाक तिच्या मांडीवरून गेलं,” मामाजी म्हणायचे, “म्या पायलं. माय जवळच बसली होती माही.” ही गोष्ट ते दरवर्षी पटाच्या आधी सांगत, जेवता जेवता, चवीनं. लग्न होऊन आल्यापासून मी ती ऐकत होते. प्रत्येक वेळी मला ती मांडी दिसायची.

मधली काही वर्षं पट बंद होते. कायद्यानं परत सुरू झाले तेव्हा आमच्याकडे एक तांबडा आणि एक पांढरा असे दोन गोऱ्हे होते. तांबड्याची आई त्याला जन्म देऊन गेली होती. त्याला मी बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. पांढरा शहाणा होता, तांबडा जाईल तिकडे जाणारा. दोघांना यांनी शिकवून तयार केलं. आणि पट पंधरा दिवसांवर आलेला असताना हे मोटारसायकलवरून पडले. खांद्याचं हाड मोडलं.

त्याच वर्षी पटवाल्यांनी पहिल्यांदाच बायांची धाव ठेवली होती. संध्याकाळी ओट्यावर बसून मामाजी म्हणाले, “हिले धाड ना मंग. तांबडं तं हिचंच आयकते.”

हे एकदम उसळले. “काही नोको. पडली गिडली तं?”

“सून माही? ते कायले पडते? ते कोनाले भेत नाही.”

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी भाकरी थापत होते. मला म्हणायचं होतं, की मामाजी, मले भेव वाटते. शब्द तोंडात आले होते. पण भाकरी उलटवायची वेळ झाली, मी ती उलटवली, आणि तेवढ्या वेळात माझं गप्प राहणं म्हणजे होकार असं दोघांनीही धरलं. दुसऱ्या दिवशी माझं नाव गेलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज पहाटे शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेनं, छकडा जुंपायचा आणि हे गळ्यात हात अडकवून बाजूला उभे. “कासरा सैल सोड. मांगं रेल. खाली पाहू नोको.” मी सगळं करायचे. जेवण जात नव्हतं. हे म्हणाले, “वजन कमी करून राह्यली का? बरं आहे, छकडा हलका होईन.” मी हसले. नाही म्हणायला अजूनही दिवस होते, आणि रोज एक एक कमी होत होता.

पटाच्या दिवशी मी काष्टा घातला आणि वरून यांचा जुना शर्ट, निंदणाला जाताना घालते तसा. मैदानावर उतरले आणि आधी दुकानं पाहिली. मामाजींनी सांगितलेली रांग होती तिथंच होती, धावपट्टीच्या डाव्या अंगाला. घुंगरांची दुकानं, झुली, दोरखंड. त्यांच्यामध्ये आता मोबाईलची कव्हरं, प्लास्टिकच्या बंदुका, रसवंती, भज्यांच्या कढया. पट्टी आणि दुकानं यांच्यात फक्त चुन्याची एक रेघ. रांगेच्या शेवटी ताडपत्रीखाली एक बाई फुटाणे आणि मुरमुरे घेऊन बसली होती. तिच्यामागे दोन बांबूंना बांधलेल्या झोळीत तान्हं लेकरू झोपलं होतं. मी त्या झोळीकडे फार वेळ बघत राहिले असणार, कारण ती म्हणाली, “काय देऊ बाई?” मी काहीच न घेता निघाले.

सरकारी डॉक्टर बैल तपासून गेले. चाबूक नाही, टोचायची पराणी नाही, एवढं त्यांनी बजावून सांगितलं. आम्ही सहा जणी होतो. माझा नंबर तिसरा. पहिल्या दोघी कशा गेल्या ते मला आठवत नाही. मला फक्त तांबड्याचं वशिंड आठवतं आणि त्यावर बसलेली एक माशी. हे जवळ आले. “पाय थरथरून राह्यले काहून तुह्ये?”

“थंडी हाय,” मी म्हटलं. दुपारचे बारा वाजले होते.

झेंडी पडली.

सुरुवातीला फक्त धूळ आणि आवाज. फळी खालून इतकी आदळत होती की दातांवर दात आपटत होते. अर्धी पट्टी सरळ गेलो. बरं चाललंय असं मनात येतंय न येतंय तोच उजवीकडचा भोंगा एकदम कर्कश किंचाळला. कोणीतरी माईक भोंग्यासमोर धरला असेल. तांबडा बिचकला आणि डावीकडे वळला. पांढरा त्याच्यामागे. चुन्याची रेघ आमच्या चाकाखाली गेली ती मी पाहिली.

पुढे दुकानं होती. माणसं दोन्हीकडे फाटल्यासारखी पळाली आणि मधे एकटी ती फुटाणेवाली राहिली. ती उठली नाही. टोपलीवर हात ठेवून आमच्याकडे बघत बसली होती, आणि तिच्यामागे ती झोळी.

मी उजवा कासरा दोन्ही हातांनी धरला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. काही फरक पडला नाही. मी ओरडले, पण पटातली हाळी मला आठवेना. तोंडातून निघालं ते तांबड्याला बाटली पाजताना म्हणायचे ते. “ये माया, ये इकडे, ये माया!” तांबड्याचा कान मागे झाला. मग मान वळली. मग तो. छकडा डाव्या चाकावर उभा राहिला, मी फळीवरून अर्धी बाहेर गेले, आणि त्या चाकानं फुटाणेवालीच्या ताडपत्रीची दोरी आणि तिची टोपली दोन्ही ओढून नेली. फुटाणे माझ्या तोंडावर उडाले. मग दुसरं चाक जमिनीला लागलं आणि आम्ही परत पट्टीवर होतो. शेवटच्या खुणेपाशी बैल आपोआप थांबले.

लोक टाळ्या वाजवत होते. मी उतरले ती सरळ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे गेले आणि उलटी केली. पोटात काही नव्हतंच, तरी उमासे थांबेनात. काष्टा ओला झाला होता तो घामानं नाही, हेही तेव्हाच कळलं. शर्ट खाली ओढून घेतला.

मग मी रांगेच्या टोकाला गेले. ती बाई तिथंच बसली होती. लेकरू रडत होतं. तिनं त्याला पदराखाली घेतलं होतं आणि तिचा हात त्याच्या पाठीवर नुसता वरखाली होत होता.

“लागलं का कोणाले?” मी विचारलं.

“नाही.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “म्या पळालीच नाही वो. पाय हललेच नाही माह्ये. लेकराले उचलाचंबी सुचलं नाही मले.”

“माह्यं चुकलं, माय.”

“तुह्यं काय चुकलं? तू तं मरून राह्यली होती भेवानं. तुह्यं तोंड पायलं म्या.”

मी तिच्याजवळ मातीत बसले. दोघी मिळून फुटाणे वेचायला लागलो. धूळ लागलेले विकता येणार नव्हते, हे दोघींनाही कळत होतं, तरी वेचत होतो. एवढ्यात हे धावत आले, मोडक्या खांद्यासकट. “अवं, तू इथं काहून बसली? सारे तुले शोधून राह्यले. लय जबरी वळवले बैल तू! लोक म्हणतात, बाई आहे का वाघ.”

“मले भेव वाटते,” मी म्हटलं.

“आता कायचं भेव? झालं ना.”

“आता नाही. नेहमीच. सापाचं, बैलाचं, सगळ्याचंच. पंधरा दिस झाले, मी जेवली नाही.”

हे उभेच राहिले. मग खाली बसले आणि चांगल्या हातानं फुटाणे वेचू लागले. मूठभर वेचून झाल्यावर म्हणाले, “मले सांगाचं होतं.”

आमची वेळ सहांत शेवटची आली. त्या रात्री मामाजींनी कासाराच्या बायकोची गोष्ट सांगितली नाही. त्यांनी मला एवढंच विचारलं, “तिचं लेकरू बरं आहे ना?” आणि ताटात भाकरी तशीच ठेवून उठले.

पुढच्या वर्षी पटाच्या मिटिंगला मी गेले. देवळासमोर सगळे पुरुष बसलेले. मी उभी राहून म्हटलं, “दुकानापुढं बांबूचा कठडा बांधा. कमरेएवढा. तवाच मी येतो.” एक जण हसून म्हणाला, “तुमाले कायचं भेव, वयनी?” मी म्हटलं, “भल्लं भेव आहे मले. ज्याले नाही, त्यानं झोळीपुढं बसून पाहावं.” कठडा बांधला गेला, आणि पटवाल्यांनी तो नंतर दरवर्षी बांधला.

मी त्याही वर्षी धावले. बैल सरळ गेले, भोंगाही गप्प राहिला. आमचा नंबर चौथा आला. पण कासरा मी इतका आवळून धरला होता, की शेवटच्या खुणेपाशी यांना येऊन माझी बोटं एकेक करून सोडवावी लागली.