चंद्राबाईचा अंगठा

मूर्खपणा कबूल करूनच सुरुवात करते. न वाचता येणाऱ्या बाईचा अंगठा मी तिला न समजलेल्या कागदावर घेतला. ती चंद्राबाई दोन महिन्यांपूर्वी औंढ्यात वारली. तिची धाकटी जाऊही पाठोपाठ गेली, म्हणून आता लिहायला मोकळी झाले...

मी तेव्हा तिशीतली. तुंगार्लीहून सायकलवर औंढ्याच्या शाळेत शिकवायला जायचे. स्वतःच्या अक्षरावर फिदा, स्वतःच्या मराठीवर त्याहून फिदा. आता माझे मेसेज वाचून नातवंडं खिदळतात. तेव्हा मला हसणारं कुणी नव्हतं, तोच घोटाळा झाला. बांधाच्या भांडणात चंद्राबाईचा मुलगा, सून आणि चार वर्षांची नात तिच्या पुतण्यानं एका दुपारी मारली. त्याला फाशी झाली. त्याची आई, म्हणजे ही धाकटी जाऊ, दयेचा अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आली. मी लिहिला. काय लिहिला! 'करुणेचा अथांग सागर', 'कृपाकटाक्ष'... चार पानं! मग वाटलं, मेलेल्यांच्या आईनंच दया मागितली तर वजन पडेल. शाईची डबी घेऊन चंद्राबाईच्या ओट्यावर गेले आणि कीर्तन रंगवावं तसा अर्ज वाचला. ती मान हलवत होती.

"कुटं लावू, बाई?"

मी बोट दाखवलं. तिनं अंगठा लावला, केसांना पुसला आणि मलाच चहा दिला.

फाशीची जन्मठेप झाली. सही करणारा हात दिल्लीत. गावाच्या तावडीत होती ती अंगठा देणारी. "लेकाचं रगत इकलं हिनं," बायका तिला ऐकू जाईल असं म्हणायच्या. हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. आळीपाळीनं एकमेकांची भातलावणी करायची गावाची रीत, पण तिच्या खाचरात कुणी उतरेना. ती शाळेत आली.

"बाई, कागदात काय व्हतं? म्या तर लवकर लटकवा म्हनून अंगठा दिला."

आणि मी, चार पानांची सरस्वती, म्हणाले, "तुम्हीच मान हलवलीत की!"

ती निघून गेली. त्या पावसात तिच्या खाचरात जाऊ एकटीच आली, पाया पडली, चिखलात उतरली. चंद्राबाईनं तिला हाकललं नाही. दोघी वाकलेल्या दिसल्या की मी सायकल जोरात हाणायचे. खरं काय ते गावाला सांगायला दोन वाक्यं पुरली असती... ती मला कधी सुचली नाहीत.

इतक्या वर्षांनी, गेल्या दिवाळीनंतर तिला शेवटचं भेटले. खाटेवर पडून होती. तो अंगठा हातात घेतला. कामानं रेषा इतक्या झिजलेल्या की रेशनच्या मशीनलाही तो ओळखू येत नव्हता. आत जाऊ चहा टाकत होती. मी हळूच सगळं कबूल केलं आणि विचारलं, "कळलं असतं तर लावला असतात?"

तिनं आधी चुलीकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"न्हाई. माफी तुमी केली बाई, माज्या अंगठ्यानं. पन ती समजती, म्या केली. तिला यातलं काय बोलू नगा."